दागिन्यांचा आठवडा

…नाई, तिथं उन्हात कायले उभे राह्यता, इकडं या, व्हरांड्यात या. रविवार हाय, शाळा बंद, पोट्टे नाईत. ती खुर्ची हेडमास्तरची हाय पण हेडमास्तर यवतमाळले गेले, तुमी बसा खुशाल. पाणी घ्या. — तं तुमी हातात ते पेपरचं पान धरून विचारलं, हा फोटो काढणारा माणूस इथंच राह्यते का. इथंच राह्यते. मीच तो. अमरसिंग राठोड, मास्तर. या शाळेच्या मागच्या खोलीत मी अन् माही माय, दोघं राह्यतो. आमचा तांडा तो पलीकडं, नाल्याच्या वर, लिंबाची झाडं दिसून राह्यली ना, तो. पेपरवाल्यानं माह्या नावाखाली 'बोरी अरब, जिल्हा वर्धा' छापलं — महाराष्ट्र होऊन इतके दिवस झाले, अजून नागपुरात बसलेल्या माणसाले यवतमाळ अन् वर्धा एकच दिसते — तरी तुमी बराबर येऊन पोचले. अन् पोचले म्हणजे तुमी कोण हे मले समजलं. काही सांगू नका. तुमचं तोंड बंद हाय, याच्यावरूनच समजलं.

मागच्या महिन्यात त्यायनं छापलंच होतं ना — वर्षभरात आलेल्या फोटोतून एक फोटो संक्रांतीच्या अंकात पहिल्या पानावर छापू, पूर्ण पान, अन् त्याच्या आधी आमचा माणूस गावोगाव जाऊन पाहून येईन की फोटो खरा हाय का मांडलेला हाय. मांडलेला असला की बाद. तो माणूस आपली ओळख देणार नाई, असं बी छापलं होतं. तुमी देल्ली का? नाई देल्ली. मंग झालं तं. खरं सांगतो, तुमच्याकडं पाहून नागपूर वाटत नाई, धोतर आमच्याकडल्यासारखं नेसले, पायावर धूळ हाय — पण तेच तं पाह्यजे ना, बूट घालून आला तं कोण खरं सांगन त्याले? हुशार लोक हाय तुमचे.

तं आधी तुमचं काम करून घ्या, मंग आपण निवांत बोलू. फोटो खरा हाय. मांडलेला नाई. ही बाई माही माय, आमच्यात याडी म्हणतात. कानाजवळ हे लोंबून राह्यलं ते घुगरी-टोपली, चांदीचं, केसात अडकवलेलं. दंडावर पांढरा चुडा. लग्न झालेली आमची बाई घालते, नवरा जिता हाय तोवर घालते, जसं तुमच्यात मंगळसूत्र. माही याडी रोज घालते. बाप माह्या लहानपणी बैल विकाले गेला तो अजून यायचा हाय — पण तिनं एक दिवस उतरवलं नाई. रोज सकाळी घालून दारात बसते, वाटेकडं पाह्यते. मी आपला तिथं कॅमेरा घेऊन उभा होतो, खटका दाबला. इतकंच. लिहून घ्यायचं असन तं लिहून घ्या. … तुमचे डोळे काहून भरून आले? नाई, समजलं मले. कलेचा माणूस हाय तुमी. मले बी तो फोटो पहिल्यांदा पाहून असंच झालतं, पण मले वाटलं फोटो धुवाच्या औषधाच्या वासानं असन.

चहा सांगू का? नको? बरं. मंग ऐका. हा कॅमेरा. कॅमेरा कायचा, डब्बा हाय. यवतमाळच्या एका डाक्तरच्या पोराले मी सुट्टीत गणित शिकवलं, पोरगं नापासच झालं, पण डाक्तरनं नवा कॅमेरा घेतला तवा हा जुना मले देऊन टाकला. याच्यात वरून पाहाचं, या काचेत, मान खाली घालून, देवाच्या पाया पडल्यासारखं. अन् तुमचा पेपर — तुमाले काय सांगा लागते, पण सांगतो — दर शुक्रवारी येते, त्यात चौकटीत एक शब्द असते, 'या आठवड्याचा विषय'. पुढच्या शुक्रवारच्या आत फोटो पाठवाचा. आता नागपूरले पंख्याखाली बसून कोणी तरी 'वेग' असा शब्द देल्ला. बोरीत वेग कुठं हाय? बैलगाडी हाय, तिले वेग नाई. एस.टी.ले हाय. म्हणून मी फाट्यावर जाऊन उभा राह्यलो. यवतमाळची मोटार येऊन राह्यली, मागं धुळीचा लोट, मस्त — मी मान खाली घातली — अन् डायवरनं पाह्यलं की मास्तर फोटो काढून राह्यला, म्हणून त्यानं मोटार थांबवली. माह्यासाठी. खाली उतरला, टोपी सारखी केली, मोटारीले हात लावून उभा राह्यला. पाशिंजर सगळे खिडकीतून डोकं काढून. एक बाई लेकराचं नाक पुसून राह्यली, फोटोत चांगलं यावं म्हणून. मी तोच फोटो 'वेग' म्हणून पाठवला. त्यायनं छापला नाई.

मंग 'एकांत' आला. एकांत कुठं भेटते? नाल्याच्या पलीकडं पडीत वावर हाय, मधात एकच बाभूळ. चांगला एकांत हाय तो. पण गळ्यात कॅमेरा घालून माणूस निघाला की तांड्यातले अन् गावातले मिळून निम्मे लोक मागं. मी म्हणलं, बाप्पा, एकांताचा फोटो हाय, तुमी जा. ते म्हणे, काढा तुमी, आमी फक्त एकांत कसा निघते ते पाहून राह्यलो. शेवटी म्हणलं, झाडामागं लपा. लपले. बाभळीचं खोड ते केवढं — चारी बाजूनं धोतरं अन् लुगडी दिसून राह्यली. तो मात्र छापला त्यायनं, काही दिवसांनी, 'लपंडाव' या विषयाखाली. म्हणजे फेकत नाईत तुमचे लोक काही, एवढं मानलं पाह्यजे.

प्रयोग बी केले मी. एक तं न ठरवता झाला. याच्यात एक फोटो काढला की ही चावी फिरवाची, म्हणजे रोल पुढं सरकते. मी आमच्या नायकाचा — लखीराम नायक, तांड्याचा मुख्य, न्यायनिवाडा तोच करते — त्याचा फोटो काढला 'मोठा माणूस' या विषयासाठी, अन् चावी फिरवाले विसरलो, अन् त्याच्यावरच बकरीचा काढला. नायकाच्या पागोट्यातून दोन कान आले. दाढी दोघायची मिळून एकच झाली, अन् ती इतकी शोभून राह्यली की कोणती कोणाची ते मले बी सांगता येत नव्हतं. मी नायकाले दाखवला नाई. पण तवा मी फोटो यवतमाळले पुंडलिकरावच्या स्टुडिओत धुवून घेत होतो, त्यानं तो आपल्या काचेत लावला. तांड्यातले लोक यवतमाळच्या बाजारले जातातच. तवापासून नायक मले पाह्यलं की पागोटं चाचपते. अन् तवापासून फोटो मीच धुतो, आमच्या खोलीत, दाराले गोधडी लावून, कंदिलाले लाल कागद गुंडाळून, याडीच्या पराती घेऊन. भाकरीले औषधाचा वास येते म्हणून याडीनं नव्या पराती आणल्या, पण मले बोलली नाई.

तुमी ऐकून राह्यले पण नजर तुमची त्या पानावरच. पाहा, पाहा. नाई तं असं करू — या आठवड्याचा विषय 'पाहुणा' हाय. इथं पाहुणा कोण येते? तपासनीस येते, त्याचा फोटो काढला तं बदली होईन. तुमी चांगले हाय. बसल्या जागीच बसा. मान जराशी वर. हात गुडघ्यावर राहू द्या. … दिसून राह्यले तुमी. या काचेत डावं उजवीकडं दिसते, आरशात दिसते तसं, म्हणून काही लोकायचे चेहरे ओळखीचे वाटतात. तुमचा तसाच वाटून राह्यला. कुठं तरी पाह्यलं मी तुमाले. रोज पाह्यल्यासारखं. ही हनुवटीतली खाच — राहू द्या, ऊन सरकलं. मंग काढू.

तं 'दागिने'. शुक्रवारी शब्द वाचला अन् मले दुसरं काही सुचलंच नाई. सराफाच्या दुकानातल्या सोन्याचा फोटो कोणी बी काढन. मी याडीले म्हणलं, इथं भिंतीजवळ बस — म्हणजे बसलीच होती ती, मी म्हणलं तशीच बस. ऊन तिरपं पाह्यजे होतं. तांड्यातल्या रूपीकाकीले म्हणलं, तुही घुगरी जरा वेळ दे — म्हणजे काकी आलती सहज, बसाले. तिचा काही संबंध नाई. अन् मी मान खाली घातली, अन् याडी — काय म्हणलं? 'सुखी हसून राह्यली' म्हणता? हो ना, हसली ती. मी तिले फोटोसाठी हस म्हणलं नव्हतं, तिच्या मनानं हसली, अन् तेच तं त्या फोटोत … थांबा.

सुखी.

पान द्या इकडं. 'सौभाग्यलेणे. छायाचित्र — अमरसिंग राठोड, बोरी अरब, जिल्हा वर्धा.' बस. याच्यात कुठं बी तिचं नाव नाई. अन् मी बी अजून तुमाले सांगतलं नाई. मी तिले याडी म्हणतो, तांड्यात सुखीबाई म्हणतात, गावात मास्तरची माय म्हणतात. नुस्तं सुखी म्हणणारा एकच माणूस होता.

पाणी प्या. … प्या, पेला खाली ठेवू नका.

तं तुमी नागपूरचे नाई. आदिलाबादकडचे. … बरं. केळापूरवरून मोटारीनं आले असान. म्हणजे संक्रांतीच्या पानासाठी कोणी आलंच नाई, अन् मी खोटं बोललो ते नागपूरपर्यंत गेलं नाई, इतकं तं बरं झालं. तुमी कोण, हे मी विचारत नाई. विचारलं तं तुमाले सांगा लागन, अन् तुमी सांगतलं तं मले काही तरी करा लागन — पाया पडा लागन, का हाकलून द्या लागन — अन् काय करतात ते मले मालूम नाई, शाळेच्या पुस्तकात हा धडा नाई. त्याच्यापेक्षा असं करू. बाबुलाल राठोड म्हणून एक माणूस होता, त्याचं बोलू. तो मेला हाय. तुमी त्याच्या ओळखीचे आहा असं धरून चालू.

बाबुलाल केळापूरच्या जत्रेले बैल घेऊन गेला. मी तवा ओट्यावरून उलटा सरकत खाली उतराले शिकलो होतो, इतकाच. बैल विकून येतो म्हणे. याडीनं वाट पाह्यली. मी शाळेत गेलो, बाराखडी आली, पाढे आले, तवापर्यंत पाह्यली — घुगरी-टोपली चिंच लावून घासाची, घालाची, पुन्हा घासाची. ते मी तुमाले मघाशी सांगतलं ना, ते तितकं खरं होतं. मंग घनश्याम आला. सरकीच्या गाड्या घेऊन आदिलाबादले जात होता तो घनश्याम, तुमाले मालूम असन. त्यानं सांगतलं की बाबुलाल चांगला हाय. वावर हाय, घर हाय, घरात बाई हाय, पोरी हाय. याडीनं घनश्यामले जेवण वाढलं, त्याचं पोट भरू देल्लं, अजून एक भाकर घे म्हणाली. अन् दुसऱ्या दिवशी त्याले घेऊन नायकाच्या ओट्यावर गेली, सगळा तांडा बसला होता, अन् म्हणाली — घनश्यामनं बातमी आणली, माहा नवरा मेला. नायकानं घनश्यामले विचारलं, काय रे, खरं हाय का? घनश्यामनं खाली पाह्यलं. म्हणे, सुखीबाई सांगते ते बराबर हाय. तिथंच तिनं घुगरी काढली, टोपली काढली, चुडा उतरवला. ती रडली नाई, बाकीच्या बायाच रडल्या, लय वेळ. मंग बाबुलालच्या नावानं तांड्याले जेवण देल्लं. मी बी जेवलो. गोड होतं. मले वाटलं, लोक मेल्यावर चांगलं जेवण असते.

हे तिनं मले कधी सांगतलं नाई. मी मास्तर झालो त्या दिवशी घनश्यामकाकानं सांगतलं, हातात पेढा घेऊन, अन् सांगून झाल्यावर पेढा खाल्ला. मी याडीले विचारलं नाई. काय विचारू? तिचा नवरा मेला म्हणते ती, तिच्यापेक्षा जास्त कोणाले मालूम असन? त्या चांदीची तिनं म्हैस घेतली. म्हशीच्या दुधावर मी शिकलो. म्हशीचा फोटो हाय माह्याजवळ, 'संपत्ती'च्या आठवड्याचा, एक नंबर आलाय. पाहाचा का? … नाई तं नाई.

मंग या फोटोत काय हाय? फोटोत रूपीकाकीची घुगरी-टोपली हाय. चुडा बी तिचाच. आता तुमीच सांगा, आमच्या तांड्यातलं लहान लेकरू बी विधवेले म्हणन का, की घुगरी घाल? नाई म्हणणार. मी म्हणलं. मास्तर माणूस. फोटोच्या नादात मले नुस्तं ऊन दिसत होतं, भिंत दिसत होती, अन् तिच्या चेहऱ्याशिवाय दुसरा चेहरा नको होता. याडी माह्याकडं पाहत राह्यली. मले वाटलं, आता परात फेकून मारन. ती म्हणाली, 'फोटो निघाला की लगेच काढीन.' काकीनं घालून देल्लं. मी मान खाली घातली, काचेत पाह्यलं, अन् तवाच ती हसली. तुमी आदिलाबादवरून आले ते या हसण्याच्या भरवशावर, हो ना? मंग ती काय म्हणून हसली ते बी ऐकून जा. मान अशी हलवून पाह्यली तिनं, अन् काकीले म्हणाली — 'अवं, इतकं जड होतं का हे?' याच्यासाठी हसली. मी खटका दाबला. सांगतल्याप्रमाणे तिनं लगेच काढून काकीले देल्लं अन् सरपण आणाले गेली.

पेपरवाल्यानं खाली 'सौभाग्यलेणे' लिहिलं, त्याले काय मालूम. पेपर तांड्यात गेला. नायकाच्या मनात बकरी होतीच. पंच बसले. विधवेनं घुगरी घातली काहून? मी सांगाले उठलो तं मले म्हणे तू बस, तुले विचारलं नाई. याडी म्हणाली — पोराचा खेळ होता, खेळात घातली, खेळ झाला, काढली. दंडारीच्या नाटकात तुमी राजा होता तं घरी जाऊन राज्य करता का? लोक हसले. नायक दरवर्षी दंडारीत राजा होते. नारळ फोडून सोडून देल्लं तिले. पण मी पुढं बरेच दिवस कॅमेऱ्याले हात लावला नाई. म्हणून तं तुमचा — त्यायचा 'वाट' विषय माह्याकडून गेला.

हा पेपर तुमाले कुठं भेटला? तिकडं येते का? … गूळ बांधून आलता? गुळाच्या पुडीले. बरं. म्हणजे माहा फोटो आंध्रात गेला अन् गुळाच्या पुडीले लागला. तरीच याच्यावर डाग हाय, मले वाटलं छपाई खराब झाली.

तुमच्या — बाबुलालच्या घरी कोण हाय आता? … बाई वारली. पोरी आपापल्या घरी गेल्या. वावर हाय पण घरात भाकर टाकणारं कोणी नाई. अन् गूळ सोडला तं आत सुखी, घुगरी-टोपली घालून, हसत. तं वाटलं की अजून बसून हाय. नाई, मी हसून राह्यलो नाई. कोणाले बी वाटलं असतं. फोटो चांगलाच हाय तो.

पण आता मी सांगतो ते नीट ऐका, वर्गात सांगतो तसं सांगतो. बाबुलाल जर तांड्यात दिसला तं काय होईन? नायक पंच बसवन. म्हणन, सुखीबाई सगळ्या तांड्याशी खोटं बोलली, जित्या माणसाचं जेवण घातलं. घनश्याम म्हातारा झाला, त्याले धरून आणतीन. अन् दंड घेऊन झाला की म्हणतीन, चला, नवरा आला, आता घाल परत. सगळ्या बाया मिळून घालतीन तिले, गाणे म्हणत, हळद लावून. तिले कोणी विचारणार नाई. ते इतकं जड हाय अन् मंग ते काढता येणार नाई. हा धोका हाय. तुमचं काही नाई, माहं काही नाई, तिचं हाय.

मले राग हाय का म्हणता? हाय. पण तुमाले सांगू, सकाळपासून मी बोलून राह्यलो अन् तुमी ऐकून राह्यले, अन् मले लय बरं वाटत होतं. हेडमास्तरले वेगाची गोष्ट सांगाले लागलो तं तो हजेरी घेते. याडी ऐकते, पण काम करता करता. इतका वेळ बसून कोणी माहं ऐकलं नाई. लहानपणी मले वाटे, बाप असते म्हणजे तो असं ऐकते. आता ते बी पाह्यलं. त्याचं मले दुःख हाय अन् बरं बी वाटून राह्यलं, अन् दोन्हीचं काय कराचं ते समजत नाई, म्हणून मी बोलतच चाललो.

याडी भगवानरावच्या वावरात कापूस वेचाले गेलीय. दिवस कलला की येते, याच रस्त्यानं, शाळेपुढून. त्याच्या आत यवतमाळची मोटार हाय. आज यवतमाळले उतरा, देवळात झोपा, सकाळी केळापूरची मोटार भेटन. मी मघाशी जेवून जा म्हणणार होतो, बरं झालं म्हणलो नाई. उठा आता. … गुडघा धरला का? माहा बी धरते, थंडीत. हात द्या. …

अरे. ती आली.

आज लवकर कशी. कापसाची मोजणी लवकर झाली असन. तिकडं पाहू नका, माह्याकडं पाहा, पेपरच्या गोष्टी बोलून राह्यलो असं … पाह्यलं ना तुमी.

याडी, आलीस का? हे — हे पेपरवाले हाय, नागपूरचे. फोटो पाहाले आलते. आता निघून राह्यले.

… गाठोडं तं खाली ठेव, याडी. डोक्यावर ओझं घेऊन काहून उभी राह्यली? … काय? … हो, देल्लं. पाणी देल्लं त्यायले. नाई, चहा नको म्हणे. …

… बरं. सांगतो. — ऐकलं असन तुमी, तरी सांगतो. ती म्हणते, पाहुण्याले बोलण्यात अडकवू नको, त्यायची मोटार चुकन.

गेली आत. कडी लावली. दिवसा आमी कडी लावत नाई कधी.

ते पान राहू द्या तुमच्याजवळ, गुळाचा डाग पडला, माह्या काही कामाचं नाई. फाट्यापर्यंत मी पोचवाले येत असतो, पाहुणा कोणी बी असला तरी. आज येत नाई. रस्ता तुमाले मालूम हाय.